तागडीसाहेबांच्या ढिगातलं जांभळं रताळं

तागडीसाहेबांनी जन्मभरात काय तोललं नाही, ते विचारा. त्यांना लेक झाली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन बाळाचं वजन सांगितलं, तर हसायचं-रडायचं सोडून यांनी विचारलं, "टॉवेलासकट की टॉवेल सोडून?" ती नर्स निवृत्त होईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला हा किस्सा सांगत होती म्हणे. बाजारात ते दिसले की भाजीवाले आपली वजनं उगाचच फडक्यानं पुसायला लागत. मळ्यावरची माणसं तर शपथेवर सांगत, की साहेब एखाद्या गाईकडे नुसते टक लावून उभे राहिले तरी ती पोट आत ओढून घेते. गाईचं खोटं असेल. पण त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर लिहिलेलं होतं आणि ते तिथेच राहिलं, एवढं खरं. बाकी सगळ्या दुनियेला ते तागडीसाहेब.

असा हा माणूस एकदा कोटाच्या खिशात एक तुटकं रताळं घालून दोन दिवस हिंडला, आणि पाव किलोसुद्धा न भरणाऱ्या त्या कंदाचं ओझं काही त्याला पेलवलं नाही.

मळा होता कंदपिकांचा. तिथलं काम असं, की दर हंगामाला रताळ्याचे निरनिराळे वाण शेजारी-शेजारी वाफ्यांत लावायचे आणि त्यांची तुलना करायची. वेल किती पळतो, पान बदामी की पंज्यासारखं, साल कशी, आतला गर कोणत्या रंगाचा, उकडल्यावर पिठूळ होतो की चिकट, चावताना दोरे लागतात का, आणि हे सगळं झाल्यावर खरा प्रश्न, वाफ्याला उतारा किती, म्हणजे वजनात पीक किती. बऱ्याच मुलींमधून एक सून निवडावी तसला प्रकार. फरक इतकाच, की इथे नापास झालेल्यांवर ट्रॅक्टर फिरतो.

तागडीसाहेब या परीक्षेचे मुख्य परीक्षक. आणि त्या हंगामात परीक्षेला बसलेल्या एका वाणाचे बापही. वाण त्यांनी स्वतः तयार केला होता. रताळ्याला फूल यायचं ते लाजत-मुरडत, आणि आलं तर भल्या पहाटे. त्या वेळी कंदील घेऊन, चष्म्यावर दव साचू देत, त्यांनी या फुलाचे परागकण त्या फुलावर लावले होते. वर्षानुवर्षं हेच. शेवटी जो वाण निघाला त्याला ते 'धाकटी' म्हणत, कारण थोरली लग्न होऊन सासरी गेली होती आणि बायको देवाघरी. धाकटी दिसायला देखणी. तांबूस साल, लोण्यासारखा पिवळा गर, वेल आखूड आणि आज्ञाधारक, कंद असा सुबक की त्यानं पोळी लाटावी. महिनाअखेर साहेब निवृत्त होणार होते. त्याआधी धाकटी पहिली यावी आणि तिचं बेणं गावोगाव जावं, याखेरीज त्यांना आता आयुष्याकडून काहीही नको होतं.

आता त्यांच्या विहीणबाई. मळ्यापासून चार पावलांवर लेकीचं सासर, आणि विहीणबाई त्या घराच्या कर्त्या. जन्मभर त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. आवाज असा, की त्यांनी 'थांबा' म्हटलं तर रस्त्यातली सायकल थांबावी. शेतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण लग्न होऊन आल्या तेव्हापासून घराच्या मागच्या अंगणात रताळ्याचा एक वेल होता, आणि तो त्या उपटत, खात, पुन्हा खोचत आल्या होत्या. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं. यंदा मुलाची गाडी उभी करायला अंगणात सिमेंट घालायचं ठरलं. तेव्हा त्यांनी सगळेच्या सगळे वेल कापले, ओल्या चादरीत गुंडाळले आणि बोचकं मळ्यावर आणून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. व्याही, एवढं जगवा, म्हणाल्या. घरी आता मूठभर मातीसुद्धा राहिलेली नाही.

व्याह्यांना नाही म्हणता येईना. लेक त्या घरात नांदत होती. म्हणून त्यांनी बोचकं ठेवून घेतलं आणि चाचणीत एक वाफा दिला, एवढंच. चिठ्ठ्या टाकून वाफे ठरले, तेव्हा विहीणबाईंचा वाफा आला नेमका धाकटीच्या शेजारी.

त्या वेलाचे गुण आठवडाभरात दिसले. पान पंज्यासारखं, आणि पळणं असं की विचारू नका. कुणी कुंपणाला सायकल टेकवून जेवायला जावं, तर परत येईतो वेलानं चाकात बोटं घातलेली. माळ्यानं एकदा दुपारी तिथे डुलकी काढली तर उठल्यावर त्याला चप्पल सोडवून घ्यावी लागली. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला नाव ठेवलं, भटकभवानी. मळा हसला. नाव कुंपणाबाहेर गेलं, रस्ता ओलांडून विहीणबाईंच्या स्वयंपाकघरातही पोचलं.

रताळ्याच्या वेलाची एक खोड असते. जमिनीवर पसरला की तो पेरापेराला मुळं सोडतो, आणि जिथे मूळ तिथे कंद धरतो. म्हणून अधूनमधून सगळे वेल उचलून उलटवून ठेवायचे असतात, म्हणजे ते ज्याच्या-त्याच्या घरात राहतात. हे काम कंबरडं मोडणारं, पण ते केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, हे साहेबांनी मळ्यावरच्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. यंदा मात्र त्यांनी कामावरच्या बायकांना सांगितलं, की भटकभवानीवर हात दुखवू नका, ती आपली पाहुणी म्हणून आली आहे, पाहुणी म्हणून जाईल.

पाहुणीनं काय केलं ते काढणीच्या दिवशी कळलं. खरं म्हणजे एकालाच कळलं.

काढणीला मोठे साहेब आले होते, मळ्याचे प्रमुख. वयानं लहान, पण तागडीसाहेबांना मानणारे. बघ्यांत छत्री घेऊन विहीणबाईही उभ्या होत्या. वाफ्यावाफ्यावर कुदळी पडल्या, ढीग लागले, काट्यावर क्रेट चढू-उतरू लागले. विहीणबाईंच्या वाफ्यातून निघाला बेतास बात ढीग; कंद वाकडे, गुडघ्यात दुमडल्यासारखे. साहेबांचा मूड बहरला होता. त्या ढिगाकडे बोट करून ते मोठ्यानं म्हणाले, "हंगामभर भटकत राहिल्या, घरी चूल काही पेटवली नाही."

सगळे खो-खो हसले. विहीणबाईही हसल्या. छत्री मात्र त्यांनी थोडी पुढे कलती केली, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

आणि मग धाकटीचा वाफा. काय ढीग निघाला म्हणता. लोक हातातलं काम टाकून बघायला आले. अर्ध्याहून जास्त क्रेट काट्यावर गेले असतील, इतक्यात साहेबांच्या बुटाला काहीतरी लागलं. कुदळीनं तोडलेलं एक रताळं होतं. तांबूस साल, सरळ, सुबक, धाकटीसारखंच. त्यांनी ते उचललं आणि तुटका भाग पाहिला. आत जांभळं होतं. शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं गर्द जांभळं.

त्यांना समजायला क्षणही लागला नाही: मळ्यावर असा गर फक्त भटकभवानीचा. पेरांना धरलेले कंद बोटाएवढेच राहतात असं पुस्तकं सांगतात, पण या बयेनं पुस्तकं वाचली नव्हती. शेजारच्या भुसभुशीत मातीत तिनं चांगले पोसलेले कंद धरले होते. घरी वाकडी वाढणारी शेजाऱ्याकडे सरळ वाढली होती. माणसंही परक्या घरी जरा सरळच वागतात. साल एकसारखी, म्हणून कुणाला शंका आली नाही. ढिगात असं एक होतं की टोपलीभर होती, हे चिरल्याशिवाय कळणार नव्हतं. नियमही तोच होता: परका कंद सापडला की काटा थांबवायचा, ढीग चिरायचा, वेगळं काढायचं, मग पुन्हा तोलायचं. नियमाच्या कागदावरचं अक्षर साहेबांचंच होतं.

त्यांनी मान वर केली. मोठे साहेब पलीकडे कुणाशी बोलत होते. बायका पोती बांधत होत्या. तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. पण ढीग चिरला आणि धाकटी मागे पडली तर? तीही कुणाच्या मागे, तर जिची आत्ताच सगळ्यांसमोर टिंगल केली तिच्या? साहेबांचा हात खिशाकडे गेला. हात त्यांचाच होता, पण त्या क्षणी तो बसमधल्या कुणा पाकीटमाराचा वाटला. रताळं कोटाच्या खिशात पडलं आणि पुढचा क्रेट काट्यावर चढला.

धाकटी पहिली आली. दुसऱ्या क्रमांकाला तिनं विचारलंसुद्धा नाही, इतकी पुढे. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. आठवड्यात कागद वर पाठवतो म्हणाले. पुढल्या हंगामाला सगळ्या वाफ्यांत धाकटीचं बेणं, बाकीच्यांवर परवा ट्रॅक्टर. आणि उद्या हिची चव मला घ्यायचीच आहे. तागडीसाहेबांची लेक जवळच राहते ना, मग तिच्याच घरी सगळे जेवू. लेक तिथेच उभी होती, ती आनंदानं हो म्हणाली. विहीणबाईंनी परवाचं ट्रॅक्टरचं ऐकलं. छत्री मिटली आणि त्या घरी गेल्या.

त्या संध्याकाळी लेकीकडे पाठवायची टोपली साहेबांनी स्वतः भरली. सरळ, सुबक, बिनडाग कंद निवडले. दोन-चारांची साल नखानं खरवडली, ते पिवळे निघाले. मग माणसं आली आणि खरवडणं राहिलं. सरळ ते आपलं, असा त्यांनी मनाशी हिशेब घातला. वाकड्याला घाबरलेला माणूस सरळाकडून फसतो तो असा.

घरी गेल्यावर त्यांनी खिशातलं रताळं बाहेर काढलं. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. मग सवयच ती, आधी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. काटा हलला, स्थिरावला. आकड्याकडे पाहता पाहता त्यांना असं वाटलं की कुणीतरी मागे उभं राहून विचारतंय, हे कोणाच्या खात्यावर धरू? त्यांनी झाकण लावलं आणि रताळं परत खिशात ठेवलं. टाकवेना, आणि ठेववेना. दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून ते जेवायला गेले. घडी केलेले दोन कोट कपाटात होते, तरी तोच.

टेबलाला मोठे साहेब, जावई, लेक, विहीणबाई आणि ते. मधोमध वाफाळतं पातेलं, आत सालीसकट उकडलेली रताळी. साहेब बोलायला लागले आणि थांबेनात. भीती वाटली की माणूस एक गप्प तरी होतो नाही तर बोलत तरी सुटतो. गर कसा लोण्यासारखा, दोरा कसा औषधाला सापडणार नाही, पिवळेपणा कसा सालीपासून मधोमध एकसारखा. मोठ्या साहेबांनी एक रताळं मोडलं. पिवळं. वा, म्हणाले. जावयानं मोडलं. पिवळं. साहेबांच्या जिवात जीव आला. मोठ्या साहेबांनी दुसरं उचललं, दोन्ही हातांनी मोडलं, आणि ताटात जणू शाईची बाटली लवंडली.

मोठ्या साहेबांनी तिसरं मोडून पाहिलं. तेही जांभळं. तागडीसाहेबांच्या कानांतून वाफ निघत होती म्हणतात, आणि पातेल्यातली वाफ लाजून खाली बसली.

"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या. "ती माझी. घरात थोडी उरली होती, तीही याच पातेल्यात टाकली मी. वय झालं बघा."

आवाज अगदी गोड आणि सपाट. याच आवाजात त्यांनी नोकरीभर हजारो लोकांना 'साहेब जागेवर नाहीत' असं सांगितलं होतं, आणि कुणाची उलट विचारायची छाती झाली नव्हती. मोठे साहेब जोरात हसले. तागडीसाहेब, म्हणाले, तुम्ही जन्मभर शेतात जी भेसळ होऊ दिली नाहीत ती तुमच्या विहीणबाईंनी एका पातेल्यात करून दाखवली. जावई हसला. आई, तू पण ना, म्हणाला. लेक हसली. आणि तागडीसाहेबही हसले. आपलं हसणं त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. गळक्या नळासारखं, बंद करू म्हटलं तरी थेंब थेंब येतच होतं.

घरात एकही रताळं उरलेलं नव्हतं. अंगणात सिमेंट होतं, आणि वाफ्यातला सगळा ढीग मळ्याच्या कुलपात. हे त्या टेबलाशी दोघांनाच माहीत होतं.

पुढे विहीणबाईंनी काय केलं, तर पातेल्यात चमचा घालून जांभळं दिसलं की ते स्वतःच्या ताटात ओढायला सुरुवात केली. वरून ओळखू येईना, म्हणून जरा टोचून पाहायच्या. मोठ्या साहेबांना पिवळं, स्वतःला जांभळं. चार खाल्ली, पाच खाल्ली. घाम पुसून आणखी एक खाल्लं. माझी मलाच बरी, म्हणाल्या. एरवी ही बाई चिमणीइतकं जेवायची. साहेब त्यांच्या घासाघासाकडे पाहत होते.

जेवणं उरकली. मोठे साहेब बाहेरच्या खोलीत जावयाशी बोलत बसले. तागडीसाहेब ताट ठेवायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. विहीणबाई पातेलं घासत होत्या, एक हात पोटावर. तळाला जांभळा रंग धरला होता.

तुम्ही मला वाचवलंत, असं ते काहीतरी पुटपुटले.

"तुम्हाला नाही," त्या मागे न वळता म्हणाल्या. "माझ्या सुनेला. तिला या घरात रोज ताठ मानेनं जेवायचंय. तिच्या बापाची फजिती या टेबलावर झाली असती, तर माझ्याच मुलानं तिला जन्मभर चिडवलं असतं."

नळ वाहत होता.

"आणि चुलीचं बोललात ना काल," त्या पुढे म्हणाल्या. "भटकते, घरी चूल पेटवत नाही. हेच्या हेच वाक्य मी माझ्या सासूकडून ऐकलंय, रोज, ड्यूटीवरून आले की. तिच्यानंतर तुम्हीच."

साहेबांना वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण ती पक्क्या फरशीची होती. विहीणबाई वळल्या. हात पुसले. एवढंच विचारायचंय, म्हणाल्या, ती तुमच्या ढिगात गेली कशी? चुकून गेली का?

आता इथे काय अडचण होती? समोरच्या बाईनं त्यांच्यासाठी खोटं बोलून, पोट दुखेपर्यंत खाऊन, सगळं झाकलं होतं. तिला तरी खरं सांगायला काय हरकत होती? पण शरमलेल्या माणसाच्या तोंडात पहिलं येतं ते खोटंच.

"हो, चुकून," साहेब म्हणाले. "मला कल्पनासुद्धा नव्हती."

विहीणबाईंनी मान हलवली. पटलं त्यांना. चेहरा जरा निवळला सुद्धा. तेवढ्यात लेक आत आली. उकाडा होता म्हणून साहेबांनी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. मोठे साहेब निघालेत, बाबांनाही त्यांच्याच गाडीतून जायचंय, म्हणून ती तो कोट घेऊन आली होती. खिसा फुगलेला दिसला तेव्हा तिनं सहज हात घातला. बाहेर आलं ते रताळं. दोन दिवसांत सुरकुतलं होतं, तुटकी बाजू काळपट पडली होती, पण कडेला रंग स्पष्ट होता. खिशाच्या आतल्या पांढऱ्या कापडावर जांभळा डाग.

तिनं रताळ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग बापाकडे. वजन, माप, नियम यांच्या सावलीत वाढलेली पोर होती. तिला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं ते रताळं सासूच्या हातावर ठेवलं.

"आई, हे घ्या," ती म्हणाली. "हेही तुमचंच दिसतंय."

आणि बाहेर निघून गेली.

तागडीसाहेब तिच्यामागे बाहेरच्या खोलीत आले तेव्हा मोठे साहेब वाकून बूट घालत होते. बुटाची नाडी बांधणाऱ्या माणसाला पापाची कबुली देऊ नये. तो धड वरही पाहू शकत नाही आणि पळूही शकत नाही. पण साहेबांना धीर धरवला नाही. ती रताळी माझ्याच ढिगातली होती, ते म्हणाले. शेजारच्या वाफ्यातून आलेली. वेल मी उलटू दिले नाहीत. आणि काल काट्यापाशी मला त्यातलं एक सापडलं होतं, ते मी लपवलं. विहीणबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या.

जावई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. मोठ्या साहेबांची दुसरी नाडी बराच वेळ बांधून होईना. मग ते कसनुसं हसून म्हणाले, जाऊ द्या हो, एवढ्या मोठ्या ढिगात दोन-चार गेली असतील. या वयात माणूस फार मनाला लावून घेतो. तागडीसाहेब म्हणाले, ढीग चिरा. मोठे साहेब म्हणाले, बसा जरा, पाणी प्या. तागडीसाहेब म्हणाले, उद्या सकाळी, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या सकाळी मळ्यावर चिरणं सुरू झालं. सगळ्या ढिगाचे दोन-दोन तुकडे. पिवळी इकडे, जांभळी तिकडे. तागडीसाहेब बाजूला उभे होते, सुरी हातात घ्यायला त्यांना मनाई. ज्यांना त्यांनी वेल उलटायला शिकवलं होतं त्या बायका एकेक रताळं चिरत होत्या आणि एकमेकींना कोपर मारत होत्या. जांभळं निघालं की कुणीतरी हळूच म्हणायची, ही बघ, हीही भटकायला आलेली. साहेबांचाच विनोद, त्यांच्याच अंगावर, मोफत. जांभळा ढीग वाढत वाढत टोपलीत मावेना तेव्हा बायकांनी बोलणंही थांबवलं. ते थांबणं टिंगलीपेक्षा जड गेलं.

मग पुन्हा काटा लागला. जांभळी सगळी विहीणबाईंच्या वाफ्यात धरली. जेवणात खाल्लेली टोपलीसुद्धा, सगळीच्या सगळी, त्यांच्याच बाजूला धरली. आणि तरीही धाकटी पुढे होती. फार नाही, पण निर्विवाद पुढे. दिसायला, सालीला, आकाराला तर होतीच, वजनालाही.

मळ्यावर जल्लोष झाला. लोक त्यांच्याकडे हात मिळवायला आले. कुणी म्हणालं, साहेब, उगाच घाबरलात. त्या प्रत्येक हाताबरोबर तागडीसाहेबांचा चेहरा उतरत गेला. काट्यापाशी परवा नुसतं तोंड उघडलं असतं, तर दुपारपर्यंत हेच चिरणं झालं असतं, हाच आकडा आला असता. चोरी केली होती ती स्वतःच्याच घरात, आणि घर फोडताना दार उघडंच होतं.

मोठ्या साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. बोलायला त्यांना जड जात होतं.

"परवा सांगितलं असतंत तर निकाल उभा राहिला असता," ते म्हणाले. "आता टोपलीभर पुरावा आपणच खाऊन बसलोय. मी वर काय लिहू, साक्षीदार पचला म्हणून?"

चाचणी रद्द झाली. पुढल्या हंगामात दोन्ही वाण पुन्हा लावायचे, नव्या माणसाच्या देखरेखीखाली. ट्रॅक्टर आला नाही. तागडीसाहेबांचा निरोप समारंभ महिनाअखेर ठरल्याप्रमाणे झाला. भाषणांत त्यांच्या अचूकपणाचं कौतुक झालं. प्रत्येक वक्ता त्या शब्दापाशी आला की अडखळायचा आणि पाण्याचा घोट घ्यायचा.

त्यानंतर काही दिवसांनी ते लेकीच्या सासरी गेले. बरोबर चादरीत गुंडाळलेले विहीणबाईंचे थोडे वेल आणि तळाला भोकं पाडलेल्या दोन जुन्या बादल्या. मळ्यावर पुन्हा लावतीलच, पण घरी थोडे असलेले बरे, असं त्यांनी वाटेतच घोकून ठेवलं होतं. दार लेकीनं उघडलं. या, म्हणाली. पूर्वी ती 'बाबा आले' असं आत ओरडून सांगायची. त्यांना वरच्या मजल्यावरची गॅलरी दाखवून ती आत गेली.

ते गुडघ्यावर बसले. माती भरली, वेल आडवे ठेवले, पेरं मातीत आणि शेंडे वर. हाताला सवय होती, त्यामुळे डोक्याला काम राहिलं नाही, आणि तीच पंचाईत झाली. समोरच्या इमारतीतून कुणी बाई कपडे वाळत घालता घालता हा म्हातारा काय करतोय ते पाहत होती. मागे पावलं वाजली. विहीणबाई गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, निकाल काय लागला म्हणे. हाक व्याही म्हणून नाही, साहेब म्हणून नाही, काहीच नाही.

त्यांनी सांगितलं. चिरून वेगळं केलं, सगळी तुमच्याकडे धरली, तरी धाकटी पुढे होती. थोडी, पण होती.

"म्हणजे मी तशीही हरलेच असते."

"हो."

"आणि तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तरी जिंकला असता."

"हो."

विहीणबाईंनी थोडा विचार केला. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट खरोखरीच एखादी गोष्ट समजत नाही तसं कुतूहल होतं. स्विचबोर्डच्या दोन्ही तारा हातात आहेत आणि कुठली कुठे जोडायची ते उमजत नाही, असं काहीतरी.

"मग लपवलं कशाला?" त्यांनी विचारलं.

तागडीसाहेबांनी ओंजळीत माती घेतली. ती एका पेरावर घातली, बोटांनी दाबली. मग दुसऱ्या पेरावर. विहीणबाई उत्तरासाठी दारात उभ्याच होत्या, आणि दोन्ही बादल्यांत आता माती घालायला जागाच उरली नव्हती.